एकशेदहा, पण कशाचे?

वर्गात एखाद्या विद्यार्थ्याने गणिताचे उत्तर नुसते '११०' असे लिहिले आणि पुढे एकक लिहिले नाही, तर मी अर्धा गुण कापतो. "सर, आकडा तर बरोबर आहे!" अशी तक्रार होते. मी म्हणतो, "एकक नसेल तर आकडा बरोबर की चूक, हे ठरवायचे कसे?" गेली वीस वर्षे मी हे वाक्य वर्गात म्हणत आलो आहे. पण हीच चूक मी स्वतः केली, तेव्हा अर्ध्या गुणावर भागले नाही. वडिलांच्या मोटारसायकलीचे एंजिन भर रस्त्यात जॅम झाले, आणि त्या वेळी मागे माझी पुतणी बसलेली होती. मी चटकन क्लच ओढला, म्हणून आम्ही दोघे धडपणे बाजूला थांबू शकलो.

विद्यार्थी मित्रहो, ही चूक कोठे झाली ते समजून घ्यायचे, तर आधी कार्ब्युरेटर या छोट्याशा उपकरणाची ओळख करून घ्यावी लागेल. १ एप्रिल २०२० पासून देशात भारत स्टेज ६ हे प्रदूषणाचे नियम लागू झाले आणि नव्या मोटारसायकलींतून कार्ब्युरेटर जवळजवळ हद्दपार झाला. त्याची जागा इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पेट्रोल फवारणाऱ्या यंत्रणेने घेतली. तरीही गिरगाव, परळ, लालबागच्या चाळींखाली जुन्या बुलेट, येझ्दी, राजदूत आणि स्कूटर अजून उभ्या दिसतात. त्यांतील प्रत्येकीच्या पोटात भौतिकशास्त्राचा एक सुंदर धडा आहे.

गाडी आणि तिचा आजार

आमची गाडी १९७४ सालची, ३५० सीसीची बुलेट. ही गाडी मूळची इंग्लंडमधील रेडिच येथली. १९५५ साली मद्रासमध्ये एन्फिल्ड इंडिया ही कंपनी स्थापन झाली. प्रथम सुट्या भागांची जोडणी आणि पुढे संपूर्ण गाडी तेथे होऊ लागली. हिच्या सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव ९० मिलिमीटर. वृत्तचितीच्या घनफळाचे सूत्र वापरून पाहा. उत्तर सुमारे ३४६ घन सेंटिमीटर येईल. '३५० सीसी' म्हणतात ते हेच.

२०२१ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती झाली आणि पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे पूर्ण झालेल्या दुचाकी व मोटारींना 'व्हिंटेज' असा वेगळा दर्जा मिळाला. आमची गाडी त्या वयाला पोहोचली, तेव्हा तिला पुन्हा ठाकठीक करावे असे घरात ठरले. सर्वांत मोठी खोड कार्ब्युरेटरची होती. त्यातील वरखाली सरकणारा पडदा, ज्याला कारागीर स्लाइड म्हणतात, इतकी वर्षे घासून घासून झिजला होता. त्याच्या फटीतून नको तेवढी हवा आत जाई आणि सिग्नलला गाडी उभी राहिली की एंजिन कधी भणाणे, तर कधी बंद पडे. तेव्हा ऑपेरा हाउसजवळच्या सुट्या भागांच्या बाजारातून मी दुसऱ्या बनावटीचा नवा कार्ब्युरेटर आणला आणि तो स्वतःच बसवला.

एका लिटरला किती हवा?

पेट्रोल जळते ते हवेतील ऑक्सिजनमुळे. पेट्रोलमधील एक नमुनेदार संयुग म्हणून ऑक्टेन घेऊ. त्याच्या दोन रेणूंना पूर्ण जळण्यासाठी ऑक्सिजनचे २५ रेणू लागतात. रेणुभार मांडून हिशेब केला, तर १ ग्रॅम ऑक्टेनला सुमारे १५ ग्रॅम हवा लागते. बाजारातील पेट्रोल हे अनेक संयुगांचे मिश्रण असते. शुद्ध पेट्रोलसाठी हे प्रमाण सुमारे १४.७ धरतात.

वजनात हे प्रमाण फार वाटत नाही. घनफळात पाहिले की डोळे विस्फारतात. १ लिटर पेट्रोलचे वजन सुमारे ७४० ग्रॅम. त्याला सुमारे १०.९ किलोग्रॅम हवा हवी. १ घनमीटर हवेचे वजन सुमारे १.२ किलोग्रॅम असते. म्हणजे १ लिटर पेट्रोलला सुमारे ९ घनमीटर, म्हणजेच ९,००० लिटर हवा लागली! आपल्या चाळीतली दहा बाय बाराची, दहा फूट उंचीची खोली घ्या. तिच्यात सुमारे ३४ घनमीटर हवा मावते. त्या संपूर्ण खोलीतील हवा पावणेचार लिटर पेट्रोलला पुरते, जास्त नाही.

आता कार्ब्युरेटरचे काम लक्षात येईल. हवेच्या एवढ्या मोठ्या लोंढ्यात पेट्रोलची नेमकी तेवढीच बारीक धार सोडायची. तीही एंजिन हळू चालो वा जोरात, न चुकता. पेट्रोल जास्त झाले तर मिश्रणाला 'रिच' म्हणतात; हवा जास्त झाली तर 'लीन'. एंजिन थंड असताना, मंद चालताना आणि पूर्ण जोर लावताना मिश्रण थोडे रिच लागते. पूर्ण जोराच्या वेळी हे प्रमाण १४.७ ऐवजी १३ च्या आसपास ठेवतात. त्यामुळे ताकद जास्त मिळते आणि जादा पेट्रोलाची वाफ होताना एंजिनची थोडी उष्णताही शोषली जाते. हवेच्या झोतावरच थंड होणाऱ्या बुलेटसारख्या एंजिनाला हा मोठा आधार असतो.

घशातला वारा

पेट्रोल मोजून सोडायला कार्ब्युरेटरात ना पंप असतो ना विजेची तार. त्याचे काम चालते दाबातील फरकावर. नळीतून वाहणारा द्रव वा वायू अरुंद जागी आला की त्याचा वेग वाढतो आणि दाब कमी होतो. डॅनियल बर्नोली यांनी १७३८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात वेग आणि दाब यांच्या या नात्याचा विचार आहे. इटलीचे व्हेंच्युरी यांनी अरुंद होत जाणाऱ्या नळ्यांवर प्रयोग केले, म्हणून कार्ब्युरेटरच्या अशा घशाला व्हेंच्युरी म्हणतात.

आपल्या बुलेटचा हिशेब करून पाहू. समजा, एंजिन मिनिटाला ३,००० फेरे फिरते आहे. चार धावांच्या एंजिनात दर दोन फेऱ्यांना एकदा श्वास घेतला जातो. म्हणजे मिनिटाला १,५०० श्वास, सेकंदाला २५. सिलिंडर तीन-चतुर्थांश भरतो असे धरले, तर दर श्वासाला सुमारे २६० घन सेंटिमीटर, आणि सेकंदाला सुमारे ६.५ लिटर हवा आत जाते. पण चार धावांपैकी एकाच धावेत हवा आत येते. म्हणून त्या वेळेपुरता ओघ चौपट, सेकंदाला सुमारे २६ लिटर असतो. घशाचा व्यास २४ मिलिमीटर धरला, तर त्याचे क्षेत्रफळ साडेचार चौरस सेंटिमीटर. भागाकार केला की हवेचा वेग येतो सेकंदाला सुमारे ५७ मीटर, म्हणजे ताशी दोनशे किलोमीटरहून जास्त! गिरगाव चौपाटीवर असा वारा सुटला, तर तेथे कोणी उभे राहू शकणार नाही.

या वेगामुळे दाब किती कमी होतो? हवेच्या घनतेचे निम्मे गुणिले वेगाचा वर्ग. हे उत्तर सुमारे २,००० पास्कल, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या २ टक्के येते. पाण्याच्या भाषेत सांगायचे, तर २० सेंटिमीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाएवढा हा दाब आहे. कार्ब्युरेटरच्या तळाशी पेट्रोलची एक वाटी असते. तिच्यावर वातावरणाचा पूर्ण दाब आणि घशात थोडा कमी दाब; या फरकाने पेट्रोल वर ढकलले जाते आणि फवाऱ्याच्या रूपाने हवेत मिसळते. ढेकूण-डास मारायचा जुना फ्लिटचा पंप ज्यांनी पाहिला असेल, त्यांना हे चित्र लगेच डोळ्यांसमोर येईल.

वाटीतील पेट्रोलची पातळी कायम राहावी म्हणून तीत एक तरंगता फ्लोट असतो. पातळी वाढली की तो वर जातो आणि पेट्रोल येण्याचे भोक बंद करतो. संडासच्या फ्लशच्या टाकीतील बॉलचे काम तुम्हांला माहीत आहे, हेही तेच.

एकात चार

एंजिन मंद असो वा भरधाव, एकच भोक सगळीकडे पुरे पडत नाही. म्हणून कार्ब्युरेटरात थ्रॉटलच्या स्थितीनुसार कामाची वाटणी केलेली असते.

थ्रॉटल जवळजवळ बंद असताना मुख्य घशातला वारा मंद असतो. तेव्हा पायलट जेट नावाचे अगदी बारीक भोक पेट्रोल पुरवते. त्याच्यासोबत हवेचा एक छोटा स्क्रू असतो. बुलेटवर सहसा आढळणाऱ्या प्रकारांत तो आत फिरवला की हवा कमी होते आणि मिश्रण रिच होते.

थ्रॉटल थोडा उघडला की स्लाइडच्या खालच्या कडेला कापलेला तिरका भाग किती उंच आहे, यावर मिश्रण ठरते. पाव ते पाऊण थ्रॉटलपर्यंत स्लाइडला लटकणारी निमुळती सुई राज्य करते. स्लाइड वर गेली की सुईचा बारीक भाग भोकात येतो आणि पेट्रोलला जास्त वाट मिळते. पाऊण ते पूर्ण थ्रॉटलला सुई जवळपास बाहेर निघालेली असते. तेव्हा पेट्रोलवर ताबा उरतो तो फक्त मेन जेटचा. मेन जेट म्हणजे पितळेचा एक छोटा स्क्रू, मध्ये मिलिमीटरभराचे आरपार भोक आणि माथ्यावर कोरलेला एक आकडा.

आमच्या जुन्या कार्ब्युरेटरच्या मेन जेटवर आकडा होता ११०. नव्यात दुसरा आकडा होता. मी विचार केला, एंजिन तेच, तेव्हा जेटही तेवढाच हवा. नव्या कार्ब्युरेटरला बसणारा ११० आकड्याचा जेट मागवला आणि चढवला. तेथेच चुकलो.

भोकाचा, की धारेचा?

शहरात गाडी झकास चालू लागली. गिरगावहून दादरला जाताना पूर्ण थ्रॉटल उघडायची वेळ कधी येतच नाही; सिग्नल, बस, माणसे. म्हणजे काम करत होते ते पायलट जेट आणि सुई. मेन जेटची परीक्षा झालीच नव्हती. ती झाली पनवेलच्या पुढे मोकळ्या रस्त्यावर. वीस-पंचवीस मिनिटे गाडी जोरात हाणली. ताकद उतरल्यासारखी वाटली. मग एक विचित्र कुरकुर, आणि मागचे चाक धरले गेले. पुढचे सुरुवातीला सांगितलेच आहे.

टेम्पोत घालून गाडी लालबागच्या एका गल्लीतील गॅरेजमध्ये आणली. तेथले वयस्क मिस्त्री आमच्या वडिलांच्या वेळेपासूनचे. त्यांनी स्पार्क प्लग काढला. टोक पांढरेफटक. सिलिंडर उघडला, तर दट्ट्याच्या अंगावर उभे ओरखडे. मग त्यांनी मेन जेट काढून उजेडात धरला.

"सर, हा एकशेदहा कशाचा?"

"जेटचा नंबर, काका. जुन्यालाही एकशेदहाच होता."

"नंबर झाला हो. पण कशाचा? भोकाचा, की धारेचा?"

मी गप्प झालो. काही कंपन्या जेटवर भोकाचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत कोरतात. इटलीच्या डेल'ऑर्टोची रीत ही आहे. तेथे ११० म्हणजे १.१० मिलिमीटर. काही कंपन्या ठरावीक दाबाखाली मिनिटाला किती घन सेंटिमीटर द्रव वाहतो, ते कोरतात. इंग्लंडच्या अमलची रीत ही. शिवाय मोजताना दाब किती ठेवला, भोकाचे तोंड कसे घडवले, यांनीही फरक पडतो. आकडा तोच असला, तरी बनावट बदलली की त्याचा अर्थ बदलतो. माझ्या हातातले दोन ११० हे दोन वेगळ्या एककांतले होते, आणि ते विचारायचे मला सुचले नव्हते.

मिस्त्रींनी कधी महाविद्यालयाचे तोंड पाहिले नव्हते. माझा अर्धा गुण त्यांनी कापला, आणि तो योग्यच कापला.

जेट मोजण्याचा प्रयोग

घरी आल्यावर पुतणीने आणि मी दोन्ही जेट मोजून पाहिले. हा प्रयोग शाळेतही करता येईल. मात्र पाण्यानेच करावा, पेट्रोलने कधीही करू नये.

तळाशी तोटी असलेले भांडे घ्या. तोटीला रबरी नळी आणि नळीच्या टोकात जेट घट्ट बसवा. जेटपासून पाण्याची पातळी बरोबर २० सेंटिमीटर उंच राहील असे पाहा. पाणी कमी होईल तसे वरून घालत राहा. आता मोजपात्र खाली धरून एक मिनिट पाणी गोळा करा. तीनदा मोजा आणि सरासरी काढा. उंची २० सेंटिमीटरच का, हे लक्षात आले का? वर हिशेबात आलेला दाबाचा फरक तोच होता. जेट मिळाले नाहीत, तर प्लॅस्टिकच्या दोन बाटल्यांना दोन वेगवेगळ्या जाडीच्या खिळ्यांनी तळाशी भोके पाडून हाच प्रयोग करा.

आमच्या प्रयोगात नव्या जेटमधून जुन्यापेक्षा सुमारे पाचव्या हिश्श्याने कमी पाणी आले. एवढा फरक डोळ्यांना दिसतो का? नाही. भोकाचा व्यास १.१० ऐवजी १.०० मिलिमीटर झाला, तर फरक एक दशांश मिलिमीटरचा, जाडसर कागदाएवढा. पण पाणी वाहते ते क्षेत्रफळातून, आणि क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. १.१ चा वर्ग १.२१. व्यासात १० टक्क्यांचा फरक म्हणजे धारेत २१ टक्क्यांचा!

पेट्रोल पाचव्या हिश्श्याने कमी झाले, तर १३ ला चालावयाचे एंजिन १६ ला चालू लागते. जादा पेट्रोलाचा थंडावा गेला. मिश्रण सावकाश जळू लागले. झोत बाहेर पडेपर्यंत आग पेटलेलीच राहिली. दट्ट्या अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा आणि सिलिंडर बिडाचा. तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. दट्ट्या फुगला, मधली तेलाची पातळ फट संपली आणि तो सिलिंडरला चिकटला.

येझ्दी, राजदूतसारख्या दोन धावांच्या जुन्या गाड्यांत तर धोका आणखी मोठा. त्यांत वंगणाचे तेल पेट्रोलमध्येच मिसळलेले असते. पेट्रोल कमी पडले की वंगणही कमी पडते.

जुळवण्याचा क्रम

दट्ट्या नवा आला, सिलिंडर घासून झाला. या वेळी कार्ब्युरेटर जुळवायचे काम आम्ही प्रयोगशाळेतील प्रयोगासारखे वहीत नोंदी ठेवून केले. त्याचे नियम असे:

पहिला नियम: आधी बाकीचे सारे ठीक करा. हवेचा फिल्टर स्वच्छ, प्लगची फट योग्य, झडपांची आणि ठिणगीची वेळ बरोबर. कार्ब्युरेटर आणि सिलिंडर यांमधील जोडात चोरटी हवा शिरत नाही ना, ते पाहा. एंजिन मंद चालू ठेवून जोडावर ब्रशने साबणाचे पाणी लावा. एंजिनची चाल बदलली, तर तेथे गळती आहे. वेगळ्या बनावटीचा कार्ब्युरेटर बसवताना ही शक्यता नेहमीच असते. वाटीतील पेट्रोलची पातळीही याच वेळी तपासावी.

दुसरा नियम: एका वेळी एकच बदल. जेट आणि सुई दोन्ही एकदम बदलले आणि गाडी सुधारली, तर श्रेय कोणाला द्यायचे, हे कधीच कळत नाही.

तिसरा नियम: चूक व्हायचीच असेल, तर ती सुरक्षित बाजूला होऊ द्या. मेन जेट मुद्दाम मोठा घेऊन सुरुवात करा आणि पायरीपायरीने लहानाकडे या. जेट मोठा असेल तर प्लग काळा पडेल, पेट्रोल जास्त खाईल, गाडी अडखळेल; एंजिन मात्र मोडणार नाही. मी नेमके उलट्या बाजूने चुकलो होतो.

आता क्रम. प्रथम मेन जेट, कारण पूर्ण थ्रॉटलला दुसऱ्या कोणाचा हस्तक्षेप नसतो. मोकळ्या, निर्मनुष्य रस्त्यावर परवानाधारक जाणत्या माणसाने पूर्ण थ्रॉटलने थोडे अंतर जायचे, एंजिन बंद करून क्लच ओढायचा आणि थांबून प्लगचा रंग पाहायचा. पांढरा म्हणजे लीन, काजळीसारखा काळा म्हणजे रिच, बदामी म्हणजे योग्य. १ फेब्रुवारी २००० पासून देशात शिसेविरहित पेट्रोलच मिळते, त्यामुळे आजचे रंग पूर्वीपेक्षा फिके उमटतात; नीट निरखून पाहावे लागते.

त्यानंतर पायलट. एंजिन चांगले तापल्यावर हवेचा स्क्रू अलगद पूर्ण आत फिरवायचा आणि दीड फेरा बाहेर काढायचा. मग थोडा आत, थोडा बाहेर करीत एंजिन सर्वांत स्थिर आणि वेगाने कोठे फिरते ते शोधायचे आणि शेवटी मंद चाल देणाऱ्या स्क्रूने वेग खाली आणायचा. मग स्लाइड: थ्रॉटल जरासा उघडताच एंजिन शिंकले, तर तेथे मिश्रण लीन आहे. मग सुई: तिच्या माथ्याशी चार-पाच खाचा असतात. क्लिप खालच्या खाचेत घातली की सुई वर येते आणि मिश्रण रिच होते. शेवटी पुन्हा एकदा पायलट.

घाट आणि इथेनॉल

कार्ब्युरेटर एकदा जुळला की कायमचा जुळला का? नाही. तो हवेचे घनफळ ओळखतो, वजन त्याला कळत नाही.

मुंबई समुद्रसपाटीला आहे. महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटर उंचीवर. तेथे हवेची घनता सुमारे १२ टक्क्यांनी कमी. तितक्याच घनफळात हवेचे वजन १२ टक्क्यांनी घटले. पेट्रोलची धार मात्र दाबाच्या फरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते, म्हणून ती फक्त ६ टक्क्यांच्या आसपास घटते. परिणामी मिश्रण साडेसहा टक्क्यांच्या सुमारास रिच होते. मुंबईत नीट चालणारी जुनी गाडी घाट चढल्यावर जड का वाटते, याचे हे एक कारण.

दुसरा बदल पेट्रोलातच झाला आहे. २०२३ पासून २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल टप्प्याटप्प्याने मिळू लागले आणि २०२५ मध्ये देशातील मिश्रण त्या पातळीला पोहोचले. इथेनॉलच्या रेणूत स्वतःचा ऑक्सिजन असतो. १ ग्रॅम इथेनॉलला ९ ग्रॅमच हवा लागते. हिशेब केला, तर या मिश्रणाला १४.७ ऐवजी सुमारे १३.५ पट हवा पुरते. जुन्या जेटमधून पेट्रोल पूर्वीएवढेच येते, हवाही तेवढीच. पण आता ती हवा गरजेपेक्षा ८ ते ९ टक्क्यांनी जास्त ठरते. म्हणजे शुद्ध पेट्रोलवर अगदी काठावर जुळवलेली जुनी गाडी आज आपोआप लीन झालेली असते. उपाय म्हणजे धार ८ ते ९ टक्क्यांनी, म्हणजे भोकाचा व्यास सुमारे ४ टक्क्यांनी वाढवणे. त्याशिवाय इथेनॉल काही प्रकारच्या जुन्या रबराला खराब करते आणि हवेतील ओलावा शोषते. म्हणून जुने वॉशर व नळ्या बदलाव्यात आणि पावसाळ्यात गाडी महिनोन् महिने टाकीत पेट्रोल ठेवून उभी करू नये.

न दिसणारा धूर

मिश्रण रिच ठेवणे एंजिनला सुरक्षित असले, तरी माणसाला नाही. हवा अपुरी पडली की कार्बनचे पूर्ण ज्वलन होत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा कितीतरी घट्ट चिकटतो. म्हणून बंद गॅरेजात, चाळीच्या जिन्याखाली वा बोळात एंजिन चालू ठेवून कार्ब्युरेटर कधीही जुळवू नये. पीयूसीच्या तपासणीत हाच वायू मोजतात. ३१ मार्च २००० पूर्वी तयार झालेल्या दुचाकींसाठी मंद चालीत त्याची मर्यादा ४.५ टक्के आहे, त्यानंतरच्या जुन्या दुचाकींसाठी ३.५ टक्के. आमची गाडी मर्यादेच्या आत आली, तेव्हाच काम पुरे झाले असे आम्ही मानले.

गुढीपाडव्याला गिरगावात नववर्षाची शोभायात्रा निघते. नऊवारी नेसलेल्या मुली आणि स्त्रिया बुलेटवर स्वार होऊन तीत सामील होतात. त्या पाडव्याला आमची पुतणीही होती. ढोल-ताशांच्या मागे तासन् तास पावलापावलाने सरकायचे; म्हणजे सारी परीक्षा पायलट जेटची. गाडी एकदाही बंद पडली नाही. यात्रेच्या कडेला लालबागचे मिस्त्रीकाका उभे होते. त्यांनी कान देऊन एंजिनचा आवाज ऐकला आणि मान डोलावली. गॅरेजमधल्या आमच्या वहीत आता प्रत्येक जेटच्या आकड्यापुढे एकक लिहिलेले असते.

करून पाहा

१. पनवेलच्या प्रसंगाआधी आमची गाडी शहरात अनेक दिवस चांगली चालली. मेन जेट चुकीचा असूनही हे कसे शक्य झाले?

२. मुंबईत शुद्ध पेट्रोलवर अचूक जुळवलेली गाडी २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल भरून महाबळेश्वरला नेली. तेथे मिश्रण रिच असेल, लीन असेल, की जवळजवळ योग्य? लेखातील आकडे वापरून हिशेब करा.

३. एंजिनचे फेरे मिनिटाला ३,००० ऐवजी १,५०० झाले आणि दर श्वासाला तेवढीच हवा आली, तर घशातील दाबाचा फरक किती होईल? उत्तरापुढे एकक लिहायला विसरू नका.